जाळणारा हात आणि गाळणारा हात

पुस्तकावरील बंदीची चर्चा सुरू झाली, की रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) या कादंबरीचा उल्लेख ठरल्यासारखा होतो. आग विझवण्याऐवजी पुस्तकांना आग लावणारे बंबवाले, रॉकेलचा वास, घराच्या अंगणात पेटलेला ग्रंथांचा ढीग ही प्रतिमा इतकी प्रभावी ठरली आहे, की कादंबरी न वाचलेल्यालाही ती ठाऊक असते. या प्रतिमेने एक गृहीतही रूढ केले आहे. बंदी ही सत्तेची उघड आणि हिंसक कृती असते. तिला चेहरा, गणवेश आणि आदेश असतो. ती बाहेरून येते आणि वाङ्मयव्यवहार तिचा केवळ बळी ठरतो, असे ते गृहीत. दुःस्वप्नलोक रंगवणाऱ्या कादंबऱ्या या गृहीताला खरोखर किती आधार देतात, आणि ग्रंथबंदीचा प्रत्यक्ष इतिहास, विशेषतः महाराष्ट्रातला, त्याला कितपत पुष्टी देतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम ब्रॅडबरींची संहिता. आजारपणाच्या निमित्ताने घरी राहिलेल्या माँटॅगला त्याचा वरिष्ठ बीटी बंबखान्याचा इतिहास ऐकवतो, तो प्रसंग कादंबरीचा वैचारिक कणा आहे. बीटीच्या निवेदनानुसार बंदीची सुरुवात शासनाने केलेलीच नाही. आधी अभिजात ग्रंथांचे संक्षेप निघाले, संक्षेपांचे सारांश झाले, सारांशांच्या दोन-चार ओळी उरल्या. मग निरनिराळ्या गटांना निरनिराळी पुस्तके खुपू लागली. प्रत्येकाला खुपणारा मजकूर निघत गेला आणि नियतकालिके बेचव झाली. लोकांनी वाचणे सोडले, ते त्यानंतर. बंबवाल्यांच्या हाती रॉकेल आले, तेव्हा जाळण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. म्हणजे कादंबरीतील आग हा बंदीचा आरंभ नसून तिचा उशिरा झालेला विधी आहे. समीक्षेने मात्र विधीलाच घटना मानले.

बीटीचे निवेदन जसेच्या तसे स्वीकारावे असे नाही. तो सत्तेचा नोकर आहे आणि सत्ता आपला उगम नेहमी लोकेच्छेत दाखवते, हे वाचकाने विसरता कामा नये. शिवाय त्याच्या यादीत श्वानप्रेमी आणि मांजरप्रेमी, डॉक्टर आणि वकील, वर्णद्वेषाचे बळी ठरलेला समाज आणि त्याला बळी देणारा समाज हे सारे एकाच ओळीत बसतात. दुखावल्या जाण्यातला सामाजिक अधिकाराचा फरक ही यादी पुसून टाकते, आणि ही उणीव केवळ बीटीची नसून बऱ्याच अंशी ब्रॅडबरींचीही आहे. तरीही बीटीच्या म्हणण्याला कादंबरीतच एक स्वतंत्र साक्षीदार मिळतो. तो म्हणजे फेबर. विद्यार्थ्यांअभावी महाविद्यालय बंद पडल्याने घरी बसलेला हा साहित्याचा प्राध्यापक बंबवाल्यांचा शत्रू आहे. तरी लोकांनी आपण होऊनच वाचन सोडले, असे तोही सांगतो. त्याहून महत्त्वाचा आहे त्याचा स्वतःविषयीचा कबुलीजबाब. जे घडते आहे ते त्याला दिसत होते, बोलण्याची मुभा होती, ऐकणारेही होते, तेव्हा तो बोलला नाही. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या वाचकाने या कादंबरीत स्वतःला शोधायचे, तर ते माँटॅगमध्ये नव्हे, फेबरमध्ये. ही ओळख फारशी सुखावह नाही, म्हणूनच कदाचित तिच्यावर फारसे लिहिले गेलेले नाही.

या कादंबरीच्या वाट्याला जे आले, ते तिच्यातल्या आगीपेक्षा बोधप्रद आहे. १९६७ मध्ये तिच्या प्रकाशकांनी शाळांसाठी एक वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात सुमारे पंचाहत्तर ठिकाणी मजकूर बदललेला होता. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला, दारू प्यालेला माणूस आजारी झाला. आवृत्ती फेरफार केलेली आहे, असे तिच्यावर कोठेही नोंदवलेले नव्हते. काही वर्षे मूळ आणि शुद्धीकृत अशा दोन्ही संहिता बाजारात होत्या. १९७३ पासून केवळ शुद्धीकृत संहिताच छापली जाऊ लागली आणि १९७९ पर्यंत मूळ पाठ दुकानातून नाहीसा झाला. ग्रंथबंदीविरुद्धची विसाव्या शतकातली बहुधा सर्वांत गाजलेली कादंबरी सहा वर्षे गाळीव स्वरूपात वाचली जात होती आणि वाचणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. कोणी काही जाळले नाही, कोणाला अटक झाली नाही, एकही शासकीय आदेश निघाला नाही. एका संपादकीय टेबलावर, शाळांची मागणी ध्यानात घेऊन, हे काम सद्भावनेने उरकले गेले.

जाळणाऱ्या हातापेक्षा हा गाळणारा हात ओळखणे अवघड असते. जाळलेल्या पुस्तकाची राख तरी मागे राहते आणि त्याचे नाव लोकांच्या तोंडी होते. गाळलेले पुस्तक स्वतःच्याच नावाने हिंडत राहते.

ऑर्वेल यांना या हाताचा अनुभव आधी आला होता. 'अॅनिमल फार्म' १९४४ च्या प्रारंभी लिहून झाले, पण गोलांझ, केप, फेबर अशा मातबर प्रकाशकांनी ते नाकारले. केप यांनी तर ते घ्यायचे ठरवल्यानंतर, माहिती मंत्रालयातील एका अधिकाऱ्याच्या अनौपचारिक सल्ल्यावरून माघार घेतली. कायद्याने बंदी कोठेच नव्हती. या अनुभवावर ऑर्वेल यांनी पुस्तकासाठी प्रस्तावना लिहिली. ती १९४५ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही आणि १९७२ मध्ये प्रथमच प्रकाशात आली. इंग्लंडमधले वाङ्मयीन मौन बव्हंशी स्वेच्छेचे आहे, अप्रिय विचार सरकारी बंदीशिवायही दडपता येतात, हा तिचा आशय. मौनावरचे हे लिखाणच सत्तावीस वर्षे मौनात राहिले.

या पार्श्वभूमीवर 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) कडे पाहिले, की त्या कादंबरीतील सत्य-मंत्रालय ही एका अर्थी सुलभीकरणाची कृती वाटू लागते. ज्या दडपणाला चेहरा नव्हता त्याला ऑर्वेल यांनी इमारत दिली, मजले दिले, स्मृतिविवरे दिली. कादंबरीला दृश्य रूप लागते. त्यामुळे यात दोष काढण्याचे कारण नाही. तरी त्या इमारतीतही गाळणारा हात आहेच आणि तो एका कवीचा आहे. अॅम्पलफोर्थ हे दुय्यम पात्र मराठी चर्चेत सहसा दुर्लक्षित राहते. जुन्या कविता पक्षाच्या विचारसरणीला न दुखावता उरतील अशा रीतीने त्यांचे 'अधिकृत पाठ' सिद्ध करणे, हे त्याचे काम. एका कवितेत यमक साधेना, म्हणून तो ईश्वरवाचक शब्द तसाच ठेवतो आणि त्यापायी कोठडीत पडतो. छंदाशी असलेले त्याचे इमान हेच त्याचे एकमेव बंड. विन्स्टनची गोष्टही वेगळी नाही. ज्या सत्तेचा त्याला तिरस्कार आहे, तिच्यासाठी ऑगिल्वी नावाचा कधीच अस्तित्वात नसलेला वीर रचताना त्याला निर्मितीचा आनंद होतो. संहिता बदलणारा माणूस हा लेखकच असतो, कौशल्यही तेच वापरतो, ही ऑर्वेल यांची जाणीव दूरदर्शकाच्या प्रतिमेपेक्षा अधिक काळ अस्वस्थ करते. युद्धकाळात बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात दोन वर्षे त्यांनी सेन्सॉरच्या शिक्क्याखाली काम केले होते, हे येथे आठवावे.

झाम्यातिन यांचे 'आम्ही' हे या परंपरेतले आद्य पुस्तक. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजीत अवतरली आणि लेखकाच्या देशात १९८८ पर्यंत छापली गेली नाही. पण १९२९ मध्ये लेखकावर जी मोहीम चालली, तीत आघाडीवर होत्या त्या लेखकांच्याच संघटना. १९३१ मध्ये स्तालिनला पत्र लिहून त्यांनी देश सोडण्याची परवानगी मिळवली, ती समव्यवसायींनी कोंडी केल्यावर.

या कादंबऱ्यांतील आणखी एका लकबीकडे लक्ष द्यायला हवे. त्यांतले बंदीचे अधिकारी विलक्षण व्यासंगी असतात. बीटीच्या जिभेवर अवतरणे नाचतात. हक्स्ले यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मधला मुस्तफा माँड बायबल तिजोरीत जपून ठेवतो. एका शास्त्रीय निबंधावर प्रसिद्धीस मनाई असा शेरा मारताना त्या निबंधाच्या गुणवत्तेने तो हळहळतो. ज्या निषिद्ध ग्रंथासाठी विन्स्टन जिवावर उदार होतो, तो लिहिण्यात आपलाही हात होता, असे ओब्रायन सांगतो. म्हणजे पुस्तकाचा मारेकरी हाच त्याचा सर्वोत्तम रसिक! या कल्पनेत वाङ्मयाची एक सुप्त खुशामत आहे. साहित्य इतके सामर्थ्यवान आहे, की ते पुरते समजलेला माणूसच त्याला भिऊ शकतो, असे ती सुचवते. प्रत्यक्षातला आक्षेपक बहुधा इतका मान देत नाही. त्याने पुस्तक वाचलेले नसते; एखादे पान, एखादे वाक्य, कित्येकदा केवळ त्या वाक्याविषयीची बातमी त्याला पुरते. अमेरिकेत २०२१ नंतर शालेय ग्रंथालयांतून पुस्तके काढण्याची जी लाट आली, तीत पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात दहा हजारांहून अधिक प्रसंग नोंदवले. मार्गारेट अॅटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरीही अनेक ठिकाणी या लाटेत सापडली. तेथे मुस्तफा माँड कोठे नव्हता. तक्रारीचा अर्ज होता आणि कटकट नको म्हणून कपाट रिकामे करणारे प्रशासन होते.

आपल्याकडे व्यासंगी वाचकाची भूमिका बंदी घालणाऱ्याकडे न जाता न्यायालयाकडे आली. स्वातंत्र्योत्तर मराठीतील वाङ्मयीन अभियोगांचा इतिहास हा एका अर्थी समीक्षेचाच समांतर इतिहास आहे. 'काही कविता' (१९४७) वरून मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष ठरले. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली. त्यासाठी लावलेली कसोटी १८६८ सालच्या एका इंग्रजी निवाड्यातली होती. या खटल्यात बचावासाठी साक्ष दिली ती मुल्कराज आनंद यांनी. युद्धकाळात ऑर्वेल यांच्या नभोवाणी कार्यक्रमांत भाग घेणारे तेच हे आनंद. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवले होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले आणि काळाबरोबर समाजाची मानके बदलत असल्याचे मान्य केले. ती १८६८ ची कसोटी मात्र अधिकृतपणे बाजूला सारली गेली २०१४ मध्ये.

या सर्व खटल्यांत बचावाचा मुख्य आधार वाङ्मयीन गुणवत्तेचा होता. कृती समग्रपणे वाचा, सुटा उतारा पाहू नका, कलात्मक हेतू ध्यानात घ्या, ही सौंदर्यवादी समीक्षेची सूत्रेच वकिलांच्या तोंडून उच्चारली गेली. त्यांचा उपयोग झाला, यात वाद नाही. परंतु या बचावात एक कबुलीही दडलेली होती: जे पुस्तक कलात्मक नाही, ते जप्त झाले तरी चालेल. मराठी समीक्षेने श्लील-अश्लीलाच्या वादात ही कबुली फारशी कुरकुर न करता दिली. सुमार कथेच्या बाजूने उभे राहण्याची तयारी नसेल, तर थोर कवितेच्या बाजूने उभे राहणे हा रसिकतेचा भाग होतो, स्वातंत्र्याचा नव्हे. 'सखाराम बाइंडर' (१९७२) च्या लढ्याने हा प्रश्न निराळ्या अंगाने पुढे आणला. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने सुचवलेली काटछाट मान्य केली असती, तर नाटकावर बंदी आली नसती. गाळीव नाटक सुखाने चालले असते. कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, ते बंदीइतकेच या सवलतीविरुद्धही. त्यांच्या 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात हा तपशील मिळतो. नाट्यसंहितेच्या अभ्यासकांनी तो वरवर वाचू नये.

जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक पुस्तकाची (२००३) हकिगत ही बीटीच्या निवेदनाची जणू महाराष्ट्रीय आवृत्ती आहे. घटनांचा क्रम पाहावा. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशनसंस्थेने आपण होऊन पुस्तक भारतातील बाजारातून मागे घेतले. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. लेखकाने ऋणनिर्देशात संस्थेचा उल्लेख केला होता, एवढाच तिचा संबंध. हस्तलिखितांची आणि ग्रंथांची नासधूस झाली. शासनाची बंदी आली ती त्यानंतर, म्हणजे पुस्तक दुकानात नसताना. मुंबई उच्च न्यायालयाने ती २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. प्रथम माघार, मग हिंसा, शेवटी आदेश. दुःस्वप्नलोकाच्या कादंबऱ्यांतून रूढ झालेल्या समजुतीत हा क्रम नेमका उलटा असतो.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या खटल्यात वेगळाच प्रकार दिसतो. बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत १९९४ मध्ये ती पुनःप्रकाशित झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले, त्याचा निकाल २०१५ मध्ये लागला. कविता प्रसिद्ध करणाऱ्यांनी पुढच्याच अंकात विनाशर्त माफी मागितली होती, हे लक्षात घेऊन त्यांच्यावरील आरोप रद्द झाला; कवीविरुद्धचा खटला मात्र चालू राहू दिला गेला. माफी हा सुटकेचा मार्ग आहे, हा धडा कोणत्याही संपादकाला सहज कळण्याजोगा आहे. पुढचा संपादक कविता परत पाठवील, आणि परत पाठवलेल्या कवितेची नोंद कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात सापडणार नाही.

अग्नीच्या प्रतिमेत न मावणारी आणखी एक घटना महाराष्ट्राच्या इतिहासात आहे, आणि ब्रॅडबरी-प्रणीत विचारव्यूह मराठीत आणताना तिला वळसा घालून जाता येत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. पुस्तक जाळणे म्हणजे विचार मारणे, हे समीकरण येथे सरळ कोसळते. दहन करणाऱ्यांपाशी राज्यसत्ता नव्हती. त्या ग्रंथाची प्रत कोणालाही अप्राप्य झाली नाही. ज्यांना शतकानुशतके वाचनाचा अधिकारच नाकारला गेला, त्यांनी तो नाकारणाऱ्या ग्रंथाला दिलेले ते जाहीर उत्तर होते. तेव्हा प्रश्न ज्वाळेचा नसून प्रतीवर कोणाचा ताबा आहे याचा आहे. अॅटवुड यांच्या गिलिअडमध्ये स्त्रियांना अक्षरे निषिद्ध आहेत. दुःस्वप्नलोक म्हणून पाश्चात्त्य कादंबरी जी वाचनबंदी कल्पिते, ती येथे धर्मशास्त्राच्या आधाराने रूढ होती. बीटीच्या यादीला दलित दृष्टीतून उत्तर द्यायचे तर ते येथून सुरू व्हावे.

त्याच आंबेडकरांच्या लेखनावर गाळणाऱ्या हाताचा प्रयोग साठ वर्षांनी होऊ घातला होता. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले आणि ते परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली. ग्रंथावर बंदी नव्हे, केवळ एक परिशिष्ट कमी! मुंबईत दलित समाजाचे प्रचंड मोर्चे निघाले. अखेर परिशिष्ट राहिले आणि त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप त्याला जोडली गेली. वाङ्मयीन दृष्टीने ही टीप बहुमोल आहे. गाळण्याऐवजी असहमती छापणे शक्य असते, याचा तो मुद्रित पुरावा. आणि तो समीक्षकांनी नव्हे, रस्त्यावर उतरलेल्या वाचकांनी मिळवला. त्यांतले कित्येक जण घरातल्या पहिल्या साक्षर पिढीचे होते.

बंदीला कागद तरी लागतो का, असाही प्रश्न अलीकडे उपस्थित झाला आहे. 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीची आयात ५ ऑक्टोबर १९८८ च्या सीमाशुल्क अधिसूचनेने रोखली गेली, असे सर्वजण धरून चालले होते. २०१९ मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेच्या सुनावणीत ही अधिसूचना कोणत्याच खात्याला सादर करता आली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अस्तित्वात नसल्याचे गृहीत धरून प्रकरण निकाली काढले. त्याच वर्षअखेर दिल्लीतील एका दुकानात पुस्तक विक्रीला आले. ऑर्वेल यांच्या स्मृतिविवरात जुनी वर्तमानपत्रे जळत. येथे आदेशच गहाळ झाला आणि त्याचा अंमल मात्र छत्तीस वर्षे बिनबोभाट चालला. विक्रेते, ग्रंथपाल, प्रवासी यांच्यापैकी कोणालाही तो प्रत्यक्ष पाहण्याची गरज पडली नव्हती.

जाळणाऱ्या हाताविरुद्ध मोर्चा काढता येतो, न्यायालयात जाता येते. गाळणाऱ्या हाताविरुद्ध पहिले साधन पाठचिकित्सा हेच आहे, आणि ते शास्त्र मराठीत ज्ञानेश्वरी आणि गाथा यांच्याभोवतीच प्रामुख्याने फिरत राहिले आहे. आधुनिक लेखकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणे हे विद्यापीठीय संशोधनात क्वचितच केले जाते. दिवाळी अंकात छापलेली कथा संग्रहात येताना, कादंबरी पाठ्यपुस्तकात उताऱ्याच्या रूपाने शिरताना, नाटक प्रयोगातून छापील संहितेत उतरताना काय गळले आणि कोणाच्या सांगण्यावरून गळले, याच्या याद्या तयार झालेल्या नाहीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला सिद्धान्ताची झळाळी नाही. काळ मात्र त्याला अनुकूल राहिलेला नाही. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कविषयक कारणावरून ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, तेव्हा ताडून पाहायला जुनी प्रत उरेलच याची खात्री संपली. कागदी आवृत्तीत निदान ती सोय होती. 'फॅरनहाइट ४५१' चा गाळीव पाठ उघडकीस आला, तो कोणा नामांकित समीक्षकाच्या लेखातून नव्हे. वर्गात ती कादंबरी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रती पडताळल्या आणि लेखकाला पत्रे लिहून कळवले. १९७९ मध्ये मूळ पाठ पुन्हा छापला गेला, तो त्यानंतर.